ओळखीची जमीन : नुओरोच्या दोन कादंबऱ्या वाचताना

ग्रात्सिया देलेद्दाची ‘कान्ने आल व्हेन्तो’ ही १९१३ सालची कादंबरी एका बांधापासून सुरू होते. नदीकाठच्या लहानशा मळ्यात एफिक्स नावाचा, म्हातारपणाकडे झुकलेला गडी दिवसभर बांध भक्कम करतो आहे. पुराचे पाणी आत येऊ नये म्हणून वर्षानुवर्षे थोडा थोडा करत हा बांध त्यानेच घातला. मळा मात्र त्याचा नाही. तो पिंतोर घराण्यातल्या तीन अविवाहित बहिणींचा, आणि एकेकाळच्या मोठ्या जमीनजुमल्यातला तेवढाच तुकडा त्यांच्याकडे उरलेला. मग संध्याकाळ होते, चंद्र वर येतो आणि देलेद्दा रात्रीची सगळी भुतावळ खाली उतरवते. बाळंतपणात गेलेल्या आणि आता नदीवर धुणे धूत बसलेल्या बायका येतात. खडकातल्या घरांत सोन्याच्या मागावर सोन्याचे कापड विणणाऱ्या ‘जाना’ नावाच्या चिमुकल्या पऱ्या येतात. सात टोप्या घालून हिंडणारे एक खोडकर भूतही येते. देलेद्दाची बरीचशी कीर्ती या दीड-दोन पानांवर उभी आहे, आणि तिच्याविषयीचा बराचसा गैरसमजही.

कादंबरीतले गाव गाल्ते म्हणजे सार्डिनिया बेटाच्या पूर्वेकडचे, चेद्रीनो नदीच्या खोऱ्यातले गाल्तेल्ली. हा सगळा मुलूख नुओरो प्रांताचा. प्रांत म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखी पायरी समजावी : वर स्वायत्त सार्डिनियाचे सरकार, खाली गावोगावच्या नगरपालिका आणि मध्ये हा. नुओरो शहर ग्रॅनाइटच्या पठारावर आहे, समोर ओर्तोबेने डोंगर, पलीकडे ओलिएनाचे पांढरे चुनखडीचे कडे आणि दक्षिणेला जेन्नार्जेन्तूचा डोंगरपट्टा. देलेद्दा या शहरात १८७१ मध्ये जन्मली. तिला १९२६ चे नोबेल मिळाले, प्रत्यक्ष हातात पडले ते १९२७ मध्ये. नुओरो प्रांताची स्थापनाही त्याच १९२७ सालातली. मी तिथे कधी गेलेले नाही. नकाशा आणि शब्दकोश यांच्या वाटेने मात्र बरीच हिंडले आहे, आणि अनुवादक ज्या ठिकाणी अडतो त्या ठिकाणी प्रवाशापेक्षा जास्त वेळ थांबतो, एवढा माझा अधिकार.

देलेद्दाला बाहेरच्या जगाने कसे वाचले याचा पहिला मोठा नमुना डी. एच. लॉरेन्स. जानेवारी १९२१ मध्ये तो बायकोसह सार्डिनियातून गेला. नुओरोत पाहण्यासारखे काहीच नाही याचे त्याला हायसे वाटले. पुढे देलेद्दाच्या ‘ला माद्रे’च्या इंग्रजी अनुवादाला त्याने १९२८ मध्ये प्रस्तावना लिहिली आणि तिचे मोठेपण कशात आहे ते सांगितले : एका आदिम समाजाच्या आवेगांचे जग ती उभे करते. प्रस्तावना प्रेमाने लिहिलेली आहे, पण तिने एक चौकट घालून दिली. त्या चौकटीत सार्डिनिया म्हणजे दगड, वारा, वासना, पाप आणि प्रायश्चित्त. माणसे इतिहासाच्या आधीची आणि दैवाच्या हातची. पर्यटनाच्या पत्रकांनी नंतर यात प्राचीन बुरुज घातले की चित्र पूर्ण.

मी स्वतः याच चौकटीतून आत गेले. एम.ए.ला तौलनिक साहित्य शिकताना देलेद्दा इंग्रजीतून वाचली होती, मग इटालियन शिकले आणि पहिल्या प्रकरणाचा मराठी खर्डा केला. त्यात एफिक्सला मी ‘इमानी सेवक’ म्हटले होते. खर्डा वाचणाऱ्या एका संपादकांना तो शब्द फार आवडला. मलाही आवडला होता, म्हणूनच पुढे खटकायला वेळ लागला.

कारण कादंबरीत एफिक्सच्या इमानाइतकाच त्याच्या पगाराचा प्रश्न आहे. पिंतोर बहिणींनी त्याला वर्षानुवर्षे पगार दिलेला नाही. तो देणेकरी नाही, घेणेकरी आहे. आणि त्याच वेळी तो एका फार मोठ्या देण्याखाली आहे : या बहिणींची आणखी एक बहीण लिया घर सोडून पळाली तेव्हा तिला मदत त्याने केली, आणि तिच्या बापाचा, डॉन झामेचा, मृत्यूही त्याच्याच हातून घडला. हे गावाला माहीत नाही. म्हणजे कागदावर मालकिणी त्याच्या देणेकरी, मनात तो त्यांचा. दोन्ही हिशेब कधीच एकमेकांसमोर येत नाहीत आणि कादंबरी त्या न जुळणाऱ्या वह्यांवर चालते. ‘सेवक’ म्हटले की पहिली वही फाटून जाते. मराठीत यासाठी शब्द आहे, ‘सालगडी’. वर्षाच्या बोलीवर ठेवलेला, ज्याचे साल ठरलेल्या दिवशी भरते आणि हिशेब व्हायला हवा असतो. एफिक्सची अशी कितीतरी साले भरून गेली. हा शब्द वापरला की वाचक आपसूक विचारतो, मग याला दिले किती? इंग्रजीत ‘सर्व्हंट’ वाचून मला तो प्रश्न पडला नव्हता.

पुढे लियाचा मुलगा जाचिन्तो इटलीच्या मुख्य भूमीवरून येतो. देखणा आणि गोड बोलणारा, पण हात रिकामा. गावातल्या सावकारीण काल्लीनाकडून तो कर्ज काढतो आणि कागदावर मावशीची, एस्तेरची, खोटी सही करतो. कर्जाची मुदत भरते. धक्क्याने एक बहीण, रूत, मरते. मळा चुलतभाऊ डॉन प्रेदूच्या घशात जातो. शेवटी डॉन प्रेदू धाकट्या नोएमीशी लग्न करतो आणि मळा लग्नाच्या वाटेने पुन्हा घरात येतो. लग्नाच्या दिवशीच एफिक्स मरतो. दरम्यान तो आंधळ्या भिकाऱ्यांबरोबर जत्राजत्रांतून भीक मागत हिंडून आला आहे, तेही प्रायश्चित्तच. समीक्षक हा सगळा प्रवास दैवाच्या खात्यात टाकतात, आणि त्यांना आधार खुद्द एफिक्सच देतो : माणसे बोरूसारखी आणि दैव वाऱ्यासारखे, असे तोच म्हणतो. पण एफिक्स जे म्हणतो ते देलेद्दाचे मत समजण्याची घाई का? वारा म्हणून जे या घरावर येते त्यात सावकाराचा कागद आहे, मुदत आहे, खोटी सही आहे, मालमत्तेचे हस्तांतर आहे. एफिक्सला लिहिता-वाचता येत असते तर त्याने दैवाचे नाव घेतले असते का, हा प्रश्न कादंबरीनेच आपल्या हातात ठेवलेला आहे.

शीर्षकाबद्दल एक आडवळण. ‘कान्ने’ म्हणजे नदीकाठी वाढणारे नळ. मराठीत ‘लव्हाळी’ म्हणण्याचा मोह फार होतो, पण तुकोबांच्या अभंगामुळे आपल्या मनातली लव्हाळी पुरात वाकून तगून राहते. तिला नम्रतेचे बक्षीस मिळते. देलेद्दाच्या नळांना असले काही मिळत नाही. मी सध्या ‘वाऱ्यातले बोरू’ असे लिहून ठेवले आहे. बोरू म्हणजे कारकुनाची लेखणीही, आणि ज्या घराला एका सहीने बुडवले त्या घराच्या कादंबरीला ते शोभते, असे म्हणून मी स्वतःची समजूत घालते. मूळ शीर्षकात हा श्लेष नाही, हे कबूल.

आता दगडांकडे. सार्डिनियात ‘नुरागे’ नावाचे बुरुज आहेत, सुमारे सात हजार. इ.स.पू. दुसऱ्या सहस्रकातले, चुना-मातीशिवाय नुसते दगडावर दगड रचून वर निमुळते होत गेलेले. नुओरो प्रांतात तर पावलोपावली प्राचीन अवशेष आहेत : दोर्गालीजवळचे सेर्रा ओर्रिओस हे नुरागिक गाव, ओरुनेची सू तेम्पिएसू ही पवित्र विहीर, डोंगराचे छत कोसळून तयार झालेल्या खळग्यात लपलेले तिस्काली. त्याहून जुनी आहेत ती खडकात कोरलेली नवाश्मयुगीन थडगी. लोक त्यांना ‘दोमुस दे जानास’ म्हणतात, जानांची घरे. कादंबरीच्या पहिल्या प्रकरणातल्या सोने विणणाऱ्या पऱ्या याच घरांत राहतात. २०२५ मध्ये युनेस्कोने या थडग्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतले.

हे सगळे ‘प्राचीन’ म्हणून वेगळे काढून ठेवणे सोपे आहे. पण १८२० मध्ये सार्डिनियाच्या राजाने एक फर्मान काढले, कुंपणांचे फर्मान म्हणून ते ओळखले जाते. जमिनीला भिंत, कुंपण किंवा चर घालून घ्यावा आणि ती पूर्ण मालकीची करून घ्यावी, असा त्याचा मथितार्थ. हेतू शेती सुधारण्याचा होता. प्रत्यक्षात ज्याच्याकडे भिंत घालण्याइतका पैसा आणि माणसे, त्याने गावाच्या कुरणालाही भिंत घातली. कधी पाणवठा आत गेला, कधी रस्ता. अशा बंदिस्त जमिनीला तिथे ‘तान्का’ म्हणतात आणि देलेद्दाच्या पुस्तकांत हा शब्द सारखा येतो. मैलोन्‌मैल चाललेल्या या कोरड्या दगडी भिंतींसाठी दगड हवा होता, आणि तो ठिकठिकाणी नुरागे मोडूनही घेतला गेला. छायाचित्रात जे निसर्गदृश्य दिसते, करड्या भिंती आणि मध्ये एखादा ढासळलेला बुरुज, ते तीन हजार वर्षांपूर्वीचे नाही. त्यातले निम्मे एकोणिसाव्या शतकातल्या महसूल धोरणाने घडवले आहे.

‘तान्का’ला मराठी शब्द मी शोधत राहिले. ‘कुरण’ चालत नाही, कारण भिंत निघून जाते. ‘वाडगे’ फार लहान. अखेर मूळ शब्दच ठेवला आणि त्याची भिंत एखाद्या वाक्यात दाखवावी असे ठरवले. उलट ‘बांध’ हा शब्द फारच बोलतो. एफिक्सचा बांध पाण्यासाठी आहे, पण मराठी वाचकाला बांध म्हटले की शेजारच्या शेताशी असलेला तंटा, बांध कोरणे, भाऊबंदकी आणि कोर्टाच्या तारखा आठवतात. ही जादा आठवण मी काढून टाकणार नाही. ज्या देशात भिंतीवरून पिढ्यान्‌पिढ्या वैर चालले त्या देशाच्या कादंबरीत ती उपरी वाटत नाही.

भिंतींनंतर कायदा आला. सामाईक जमिनींवर चराई, लाकूड, ओंब्या वेचणे असे गावकऱ्यांचे जे पूर्वापार हक्क होते ते १८६५ मध्ये इटलीच्या नव्या राज्याने रद्द केले. नुओरोच्या नगरपालिकेने सामाईक जमीन विकायला काढली. २६ एप्रिल १८६८ रोजी लोक नगरपालिकेच्या इमारतीवर चालून गेले आणि विक्रीचे कागद त्यांनी जाळले. या उठावाला तिथल्या भाषेत ‘सू कोन्नोत्तू’ म्हणतात. ‘कोन्नोत्तू’ म्हणजे शब्दशः ‘ओळखीचे’, ‘माहीत असलेले’. त्यांची हाक होती : ओळखीच्याकडे परत जाऊ.

या एका शब्दावर मी आठवडे घालवले आहेत. ‘वहिवाट’ हा कायद्याच्या दृष्टीने सर्वांत जवळचा, पण तो अर्जातला शब्द. रस्त्यावर ओरडण्याचा नाही. ‘पूर्वापार’ म्हटले तर धर्माचा वास येतो. कलकत्त्यातल्या आमच्या वाचनमंडळात प्रत्येकाने आपापला शब्द ठेवला. पंजाबी मित्राने ‘शामलात’ सांगितला. तमिळ मैत्रिणीने ‘पोरंबोक्कु’ सांगितला आणि हसली, कारण आज तमिळमध्ये ती शिवी आहे, कुचकामी माणसाला देण्याची. मुळात मात्र सारा न बसवलेल्या, सर्वांच्या वापरातल्या जमिनीचा तो महसुली शब्द. माझ्याकडे ‘गायरान’ होता. हे सगळे शब्द जमिनीचे आहेत. ‘कोन्नोत्तू’ जमिनीचा नाही, जमिनीशी असलेल्या ओळखीचा आहे, आणि इथेच आमच्या सगळ्या भाषा थोड्या कमी पडल्या. शेवटी मी ‘ओळखीचं’ असेच लिहिले. ‘आम्हाला आमचं ओळखीचं द्या’ हे मराठीत विचित्र ऐकू येते. १८६८ मध्ये नगरपालिकेच्या लोकांनाही ते विचित्रच ऐकू आले असावे.

देलेद्दा या जाळपोळीनंतर तीन वर्षांनी जन्मली, त्याच शहरात, एका खात्यापित्या जमीनदाराच्या घरी. बाप कायदा शिकलेला, काही काळ नुओरोचा महापौर. म्हणजे ती भिंतीच्या आतल्या बाजूची. शाळा चौथीपर्यंत, घरची भाषा सार्डिनियन, इटालियन नंतर कष्टाने कमावलेली. तिच्या लेखनात उठाव जवळजवळ येत नाही, हा तिच्यावरचा आक्षेप रास्त आहे. मेंढपाळांची बाजू ती क्वचितच मांडते. पडत्या घरांची दुःखे तिला जास्त दिसतात. पण पडत्या घराचा जमाखर्च ती ज्या बारकाईने मांडते तो लॉरेन्सच्या आदिम बेटावर शक्यच नव्हता. व्याज, मुदत आणि सही यांची तिला असलेली जाण बापाच्या घरातली आहे, असे मला वाटते.

याच जमाखर्चाची पूर्ण कादंबरी पुढे साल्वातोरे सात्ताने लिहिली. सात्ता नुओरोचाच, जन्म १९०२, इटलीतला नामांकित कायदेपंडित. १९७५ मध्ये रोममध्ये वारला, आणि ‘इल जोर्नो देल जुदीत्सिओ’, म्हणजे ‘निवाड्याचा दिवस’, हे पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर १९७७ मध्ये कायद्याची पुस्तके काढणाऱ्या एका प्रकाशनाने छापले. फारसे कोणी पाहिले नाही. दोन वर्षांनी आदेल्फी या साहित्यिक प्रकाशनाने ते पुन्हा काढले आणि मग युरोपभर गेले. मधला माणूस आहे डॉन सेबास्तिआनो सान्ना, नुओरोचा नोटरी. सगळ्या गावाचे खरेदीखत, मृत्युपत्र आणि वाटणी त्याच्या हाताखालून जाते. कोणाची जमीन कोणाकडे गेली हे याच्याइतके कोणालाच ठाऊक नाही. सात्ता शहराचे तीन भाग करतो : सान पिएत्रोमधले मेंढपाळ, सेउनामधले शेतकरी आणि मधल्या हमरस्त्यावरची सभ्य मंडळी. तिन्ही भाग एकमेकांना भेटतात ते नोटरीच्या टेबलापाशी आणि स्मशानात.

सात्ता देलेद्दापेक्षा मोठा लेखक आहे हे मत इटलीत अनेकांचे आहे आणि वाक्यावाक्याची घनता पाहिली तर मलाही ते मान्य आहे. पण त्याच्या पुस्तकात एक गारवा आहे ज्याची मला पुन्हा पुन्हा वाचताना भीती वाटू लागली. त्याचा निवेदक मेलेल्यांना एकेक करून पुढे बोलावतो आणि त्यांची आयुष्ये निरर्थक होती, असा निवाडा जवळजवळ देऊन टाकतो. कागद हाताळणाऱ्याला माणसे कागदासारखी दिसतात, तसे काहीसे. डॉन सेबास्तिआनोची बायको डॉन्ना व्हिन्चेन्झा घरात गप्प होत जाते आणि सात्ताला तिच्याविषयी कणव आहे, तरी तिच्या बाजूने हिशेब मांडणे त्याला सुचत नाही. देलेद्दाचा एफिक्स निरक्षर, पण त्याच्याकडे हिशेब आहे, दोन्ही वह्यांचा. म्हणून वाङ्मयीन गुणवत्तेची उतरंड बाजूला ठेवून मी अनुवादाला देलेद्दा आधी घेतली.

एक गोष्ट मराठीत देलेद्दाला सोपी जाते. सार्डिनियात वयस्क माणसाला नात्यात नसला तरी काका-काकी म्हणतात. कादंबरीतली म्हातारी ‘झिआ पोत्तोय’ कोणाचीच आत्या किंवा मावशी नाही. इंग्रजीत ‘आंट’ आले की वाचक वंशावळ शोधू लागतो. मराठीत ‘पोत्तोय काकू’ म्हटले की संपले. बाळंतपणात मेलेल्या बाईच्या भुतालाही आपल्याकडे ‘अळवंत’ हा नेमका शब्द आहे, तो आता फारसा कोणी वापरत नाही एवढेच.

प्रांताचे पुढे काय झाले हेही सांगायला हवे, कारण ते सात्ताने लिहावे असे आहे. २००५ मध्ये नुओरोतून ओल्यास्त्रा हा पूर्व किनाऱ्याचा भाग तोडून वेगळा प्रांत केला, लानुसेई आणि तोर्तोली अशा दोन राजधान्यांचा. २०१२ मध्ये लोकांनी सार्वमतात नवे प्रांत नकोत म्हटले. २०१६ मध्ये ओल्यास्त्रा परत नुओरोत आला आणि २०२५ मध्ये पुन्हा वेगळा झाला. मेंढ्यांना यातले काही कळले नसणार. नोटरींना बरेच काम मिळाले असेल.

जमिनीचा प्रश्न मात्र जागच्या जागी आहे. १९६९ च्या जूनमध्ये ओर्गोसोलो गावच्या प्रातोबेल्लो नावाच्या कुरणावर लष्कराने गोळीबाराच्या सरावासाठी ताबा घ्यायचे ठरवले, तेव्हा बायकामुलांसह गाव कुरणावर जाऊन बसले. ओर्गोसोलोच्या भिंती आज राजकीय चित्रांनी भरलेल्या आहेत, त्या परंपरेचा आरंभ त्याच वर्षाचा. २०२४ मध्ये बेटावर पवनचक्क्यांचे मोठमोठे प्रकल्प येऊ लागले तेव्हा त्यांना लगाम घालणाऱ्या लोकांच्या कायद्याच्या मसुद्याला नाव दिले ‘प्रातोबेल्लो २४’. दोन लाखांहून जास्त लोकांनी सह्या केल्या. याच प्रांतातल्या लूलाजवळची जुनी खाण गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या आइन्स्टाइन दुर्बिणीसाठी शर्यतीत आहे, कारण तिथली जमीन फार शांत आहे. तिथेही जवळ पवनचक्क्या नकोत असे म्हणणारे शास्त्रज्ञ आहेत. पवनचक्क्यांची गरज मला पटते, आणि विरोधकांतल्या काहींची भाषा मला पर्यटनाच्या पत्रकासारखी वाटते, तेच प्राचीन बुरुज, तेच अस्पर्श डोंगर. तरी वाऱ्याचा करार कोणी कोणाशी केला, त्या कागदावर सही कोणाची, हा प्रश्न मला गाल्तेल्लीच्या जुन्या प्रश्नाहून वेगळा वाटत नाही.

गाल्तेल्लीत आता देलेद्दाच्या नावाने साहित्यिक उद्यान आहे. पिंतोर बहिणींचे घर म्हणून एक जुने घर दाखवतात. नदीकाठचा मळा कोणाच्या नावावर आहे, हे मी शोधलेले नाही.

माझ्या खर्ड्यातला ‘इमानी सेवक’ खोडला आहे. संपादकांना ‘सालगडी’ पसंत नाही. सार्डिनियातला माणूस एकदम मराठवाड्यातला वाटतो म्हणतात. त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही. म्हणून पहिल्या प्रकरणात फक्त ‘गडी’ ठेवला आहे, आणि पगाराचा विषय जिथे पहिल्यांदा निघतो त्या पानावर ‘सालगडी’. तिथून पुढे तोच.